ठिणगी एका रिसेप्टरवर, जाळ दुसऱ्यावर: औषधाने येणारी आकडी समजून घेताना

पिलोकार्पिन हे काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचं जुनं औषध. तेच रॅटच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे ३०० ते ४०० मिलिग्रॅम टोचलं की अर्ध्या तासाच्या आसपास त्याला आकडी येते आणि ती पुढे कित्येक तास थांबायचं नाव घेत नाही. रिसेप्टर म्हणजे ठरावीक रसायन बसलं की पेशीला हलवणारं तिच्यावरचं प्रथिन. पिलोकार्पिन मेंदूतले मस्कॅरिनिक नावाचे रिसेप्टर चेतवतं. ॲट्रोपिन तेच रिसेप्टर अडवून धरतं. त्यामुळे ॲट्रोपिन आधी दिलेलं असेल तर आकडी येतच नाही. इथपर्यंत हिशेब सरळ आहे. पण आकडी चांगली तासभर चालल्यावर तेच ॲट्रोपिन तेवढ्याच मात्रेत द्या, ती थांबत नाही. रिसेप्टर अडवला गेलेला असतो, झटके मात्र चालूच.

औषधाने आकडी कशी येते हे सांगताना बरेचदा ‘अमुक औषध तमुक रिसेप्टरवर बसतं’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. ती अर्धीच गोष्ट झाली. ठिणगी ज्या रिसेप्टरवर पडते, त्याच रिसेप्टरवर पुढचा जाळ चालतो असं नाही. प्रयोगशाळेतल्या जनावरांवरचं या क्षेत्रातलं काम वाचताना दर वेळी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: सुरुवात कोणी केली, आणि आता कोण चालवतंय.

ब्रेकची नळी

चेतापेशी शांत असताना तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ६५ ते ७० मिलिव्होल्टने कमी असतो. आत धन आयन शिरले की ती चेतते, क्लोराइडसारखे ऋण आयन शिरले की दबते. आकडीत हजारो पेशी एकाच तालात, एकाच वेळी चेतत राहतात. एरवी तसं होत नाही, कारण आजूबाजूच्या छोट्या दाबणाऱ्या पेशी गाबा नावाचं रसायन सोडून हा ताल सतत मोडत असतात.

गाबा ज्यावर काम करतं तो मुख्य रिसेप्टर म्हणजे गाबा-ए. पाच प्रथिनांचे तुकडे गोलाकार उभे करून मधोमध भोक ठेवलं तर जशी नळी होईल, तशी याची रचना. बहुतेक ठिकाणी यात दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा असे तुकडे असतात. गाबा बीटा आणि अल्फाच्या सांध्यात बसतं, नळी उघडते, क्लोराइड आत जातं. डायझेपामसारखी बेंझोडायझेपिन औषधं अल्फा आणि गॅमाच्या सांध्यात बसतात. ती स्वतः नळी उघडत नाहीत, गाबा आलं की ती अधिक वेळा उघडेल एवढं करतात. फेनोबार्बिटलसारखी बार्बिच्युरेट वेगळ्या जागी बसून नळी जास्त वेळ उघडी ठेवतात, आणि मात्रा वाढवली तर गाबा नसतानाही उघडतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

आता याच नळीवर आकडी आणणारी औषधं कुठे कुठे घाव घालतात ते बघू. बायक्युक्युलिन गाबाच्या खुर्चीवरच जाऊन बसतं. गाबाचं प्रमाण वाढलं तर ते उठवलं जाऊ शकतं, म्हणजे ही शर्यत आहे. काकमारीच्या बियांतलं पिक्रोटॉक्सिन नळीच्या भोकातच अडकतं. तिथे गाबा कितीही ओतलं तरी बूच निघत नाही. पेंटिलीनटेट्राझोल, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत पीटीझेड, हेही पिक्रोटॉक्सिनच्याच जागेशी जोडलेलं आहे. मात्र त्याची पकड सैल, म्हणून पिक्रोटॉक्सिनचे काही मिलिग्रॅम पुरतात तिथे पीटीझेडचे दर किलोमागे कित्येक दहा मिलिग्रॅम लागतात.

आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध नळीला हातच लावत नाही. ग्लुटामेटपासून गाबा तयार करणाऱ्या एन्झाइमला बी-६ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप लागतं. आयसोनियाझिडची मात्रा फार झाली की हे बी-६ कमी पडतं, गाबाचं उत्पादन बसतं आणि काही काळाने आकडी येते. इथे नुसत्या डायझेपामचा जोर का पडत नाही हे वरच्या फरकातून कळतं. डायझेपाम गाबाचं काम वाढवतं, आणि इथे गाबाचाच तुटवडा आहे. बी-६ म्हणजे पिरिडॉक्सिन दिलं की कारखाना पुन्हा चालू होतो. दोन्ही एकत्र दिल्यास परिणाम एकेकट्यापेक्षा चांगला दिसतो.

बेंझोडायझेपिनची जागा तर फारच शिकवणारी आहे. तिथे डायझेपाम बसलं की ब्रेक घट्ट होतो. त्याच जागी डीएमसीएम हे बीटा-कार्बोलिन बसलं की ब्रेक ढिला होतो आणि आकडी येते. फ्लुमाझेनिल बसलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, पण वरच्या दोघांनाही ते बसू देत नाही. एका जागेवर तीन दिशा. आणि जनावराला आठवडेच्या आठवडे डायझेपामची सवय लावली असेल, तर हेच निरुपद्रवी फ्लुमाझेनिल अचानक आकडी आणू शकतं, कारण मेंदूने स्वतःचा तोल त्या औषधाला धरून बसवलेला असतो.

तुकडे बदलले की नळीचा स्वभावही बदलतो. १९९९ मध्ये माइसच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या लहान उंदरांच्या, अल्फा-१ तुकड्यात १०१व्या जागचं हिस्टिडिन काढून तिथे आर्जिनिन घातलं गेलं. असा तुकडा डायझेपामला ओळखत नाही. त्या माइसमध्ये डायझेपामची गुंगी गेली, भीती कमी करण्याचा गुण राहिला, आणि पीटीझेडच्या आकडीपासूनचं संरक्षण अर्धवट उरलं. म्हणजे आकडी रोखण्याचं काम अल्फा-१ आणि इतर अल्फा तुकडे वाटून घेतात.

स्ट्रिकनिनला लोक याच रांगेत बसवतात, पण त्याचं दुकान वेगळं. काजऱ्याच्या बियांतलं हे विष मुख्यतः मज्जारज्जूतल्या ग्लायसिन या दुसऱ्या दाबणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरला अडवतं. जनावर धनुष्यासारखं ताठ होतं, नुसत्या टाळीने किंवा स्पर्शाने पुन्हा झटका येतो. दिसायला आकडीच, पण मेंदूच्या बाह्यांगातून निघालेली नव्हे. त्यामुळे स्ट्रिकनिनच्या झटक्यांविरुद्ध एखादं औषध चाललं तर ते अपस्मारावर चालेल असा निष्कर्ष काढणं धाडसाचं आहे.

ॲक्सिलरेटर आणि त्याची खीळ

चेतवणाऱ्या बाजूचं मुख्य रसायन ग्लुटामेट. त्याच्या नळीवजा रिसेप्टरांची तीन मोठी घराणी आहेत: आम्पा, काइनेट आणि एनएमडीए. आम्पा झटपट उघडतो, झटपट मिटतो. एनएमडीएच्या तोंडात एरवी मॅग्नेशियमची खीळ बसलेली असते. पेशी आधीच बरीच चेतली असेल तरच ती निघते, आणि मग सोडियमबरोबर कॅल्शियमही आत शिरतं. शिवाय त्याला ग्लुटामेटच्या जोडीला ग्लायसिन किंवा डी-सेरिन लागतं. म्हणून साध्या कामात एनएमडीए मागे राहतो आणि आकडीत पुढे येतो. पेटवायला तो सहसा नसतो, भडकवायला असतो.

काइनिक आम्ल एका समुद्री शैवालातून १९५३ मध्ये वेगळं काढलं गेलं, जंतांवरचं औषध म्हणून. रॅटमध्ये दर किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास दिलं की चित्र ठरावीक क्रमाने उलगडतं. आधी जनावर एकटक बघत थिजून बसतं. मग पावसात भिजलेलं कुत्रं अंग झटकतं तसं डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झटकतं, थांबतं, पुन्हा झटकतं. मग तोंड चघळल्यासारखं हलू लागतं, मान डुलते, पुढचे पाय थरथरतात, ते मागच्या पायांवर उभं राहतं आणि कोलमडतं. १९७२ पासून वापरात असलेल्या रॅसिनच्या पट्टीवर याच पायऱ्यांना १ ते ५ आकडे दिलेले आहेत: तोंड, मान, पुढचे पाय, उभं राहणं, पडणं. अंग झटकणं मात्र त्या पट्टीत बसत नाही. ते वेगळं मोजावं लागतं, आणि नवखा निरीक्षक नेमका तिथेच गोंधळतो.

काइनेटचं सगळ्यात मोठं लक्ष्य म्हणजे हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागाचा सीए-३ हा पट्टा. तिथे मॉसी तंतू नावाचे चेतवणारे चेतातंतू येऊन टेकतात आणि काइनेट रिसेप्टर दाटीने असतात. सीए-३च्या पेशी एकमेकींना भरपूर जोडलेल्या, त्यामुळे एक पेटली की शेजारणी पेटतात. १९९८ मध्ये ज्या माइसमध्ये ग्लूके-२ हा काइनेट रिसेप्टरचा तुकडाच नव्हता, त्यांना काइनेटने आकडी आणणं बरंच अवघड गेलं. अशा पुराव्याला वजन आहे. रिसेप्टर अडवणारं औषध चार ठिकाणी हात घालू शकतं, पण जीन काढून टाकलेल्या जनावरात तो तुकडा नसतोच. अर्थात जन्मापासून तुकडा नसलेला मेंदू त्याच्याविना वाढलेला असतो, आणि ती उणीव त्याने दुसऱ्या मार्गाने भरून काढलेली असू शकते. म्हणून चेतवणारं औषध, अडवणारं औषध आणि जीन नसलेलं जनावर ही तिन्ही एकच सांगत असतील तेव्हाच रिसेप्टरचं नाव ठामपणे घ्यावं.

पुन्हा पिलोकार्पिनकडे

मस्कॅरिनिक रिसेप्टर पाच प्रकारचे, एम-१ ते एम-५. १९९७ मध्ये एम-१ नसलेले माइस पिलोकार्पिनच्या आकडीला जवळपास दाद देत नाहीत असं दिसलं. म्हणजे ठिणगीची जागा ठरली. एम-१ नळी नाही. तो पेशीच्या आत रसायनांची साखळी हलवतो, तिच्यामुळे पेशीला शांत ठेवणारी एक पोटॅशियमची वाट मिटते, आणि पेशी सहज व वारंवार चेतू लागते. चेतलेली पेशी ग्लुटामेट सोडते. इथून पुढे गाडी ग्लुटामेटच्या हातात. पाऊण-एक तासाने ॲट्रोपिन दिलं तर ते एम-१ अडवतं, पण एम-१चं काम केव्हाच संपलेलं असतं.

याच काळात ब्रेकचंही काही तरी होत असतं, आणि आमच्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती आहे. आकडी चालू राहिली की गाबा-ए रिसेप्टर, विशेषतः गॅमा तुकडा असलेले, पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. ते नष्ट झालेले नसतात, पण चेतासंधीवर, म्हणजे दोन पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात तिथे, हजर नसतात. बेंझोडायझेपिनला गॅमा तुकडा लागतोच. त्यामुळे १९९७ च्या एका कामात लिथियम-पिलोकार्पिनची (आधी लिथियम, मग पिलोकार्पिन देऊन आणलेली) आकडी सुरू होऊन १० मिनिटं झाल्यावर निम्म्या रॅटमध्ये ती थांबवायला डायझेपाम दर किलोमागे साधारण ४ मिलिग्रॅम पुरलं, आणि ४५ मिनिटांनी त्याच कामाला सुमारे ४० मिलिग्रॅम लागलं. औषध तेच, जनावर तेच, फक्त पस्तीस मिनिटं गेली आणि मात्रा दहापट झाली.

दुसरीकडे एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात. म्हणून एनएमडीए अडवणाऱ्या केटामिनचं वागणं डायझेपामच्या बरोबर उलटं. २००० मध्ये रॅटमध्ये विजेच्या उत्तेजनाने लांबवलेल्या आकडीत केटामिन १५ मिनिटांनी दिलं तेव्हा ते चाललं नाही, तासाभराने दिलं तेव्हा चाललं. तिसरी गोष्ट क्लोराइडची. पेशीत शिरलेलं क्लोराइड बाहेर काढणारा पंप, केसीसी-२, लांबलेल्या आकडीत दमतो आणि कमीही होतो. आत क्लोराइड साचलं की नळी उघडूनही दाब पडत नाही, आणि टोकाला जाऊन गाबा पेशीला दाबायच्या ऐवजी चेतवूही शकतं. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रॅटच्या पिलांत हा पंप मुळातच तोकडा असतो, त्यामुळे त्यांच्यावर केलेला प्रयोग प्रौढ जनावराला जसाच्या तसा लावता येत नाही.

एवढं कळलं की ‘हे औषध आकडी थांबवतं’ या वाक्यापुढे ‘कितव्या मिनिटाला दिलं?’ हा प्रश्न आपोआप येतो.

आता याच प्रयोगातल्या हाताच्या चुका. पिलोकार्पिन शरीरभर मस्कॅरिनिक रिसेप्टर चेतवतं: लाळ गळते, नाडी मंदावते, श्वासनलिका आवळते. मेंदूऐवजी याच त्रासाने जनावर दगावू नये म्हणून अर्धा तास आधी मिथाइलस्कोपोलामिन दर किलोमागे १ मिलिग्रॅम देतात. त्याच्या रेणूवर कायमचा धन भार असतो, म्हणून ते रक्तातून मेंदूत जात नाही. बाटली चुकून साध्या स्कोपोलामिनची उचलली गेली तर? ते मेंदूत जातं, एम-१ अडवतं, आणि एकाही रॅटला आकडी येत नाही. पिलोकार्पिन खराब निघालं असं समजून माणसं मात्रा वाढवत बसतात. सगळीच्या सगळी तुकडी शांत बसली असेल तर आधी या बाटलीचं लेबल वाचावं.

लिथियम आदल्या दिवशी दिलं तर पिलोकार्पिनची गरज दहापटीने घटते. लिथियम क्लोराइड दर किलोमागे ३ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे वजनात १२७ मिलिग्रॅम, आणि साधारण २० तासांनी पिलोकार्पिन फक्त ३० मिलिग्रॅम. हा ३०चा आकडा लिथियमशिवायच्या प्रयोगात वाचून वापरला, किंवा ३५०चा आकडा लिथियम दिलेल्या रॅटला लावला, तर काय होईल ते सांगायला नको. आणखी एक बारीक गोष्ट: पिलोकार्पिन बहुधा हायड्रोक्लोराइड क्षार म्हणून मिळतं. रेणुभार क्षाराचा सुमारे २४५, मूळ पदार्थाचा २०८. मात्रा कशाची लिहिली आहे हे न बघता वजन केलं तर १५ टक्क्यांची चूक घरात बसलेली असते.

पेटवणारे नव्हे, झुकवणारे

काही रिसेप्टर स्वतः आकडी सुरू करत नाहीत, पण आकडीचा उंबरठा, म्हणजे ती यायला किती जोर लागतो ती हद्द, वर-खाली करतात. यांच्याविषयी निष्कर्ष काढताना सगळ्यात जास्त घोळ होतात.

ॲडेनोसिनचा ए-१ रिसेप्टर हा मेंदूचा घरचा अग्निशामक. आकडीत पेशींची ऊर्जा खर्च होते, ॲडेनोसिन साचतं, ए-१ चेततो आणि ग्लुटामेटची सुटका कमी होते. थिओफिलिन आणि कॅफिन हाच रिसेप्टर अडवतात. थिओफिलिनची मात्रा फार झाल्यावर येणारी आकडी हट्टी असते, त्यामागे हा अग्निशामक बांधून ठेवलेला असणं हे एक मोठं कारण. मग ए-१ चेतवणारं औषध आकडीवर उत्तम का नाही? कारण तेच हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि शरीराचं तापमान खाली आणतं. थंड पडलेल्या माउसला आकडी उशिरा येते. म्हणून अशा प्रयोगात गुदमार्गाचं तापमान नोंदवलेलं नसेल तर ‘संरक्षण झालं’ हे विधान लगेच मान्य करू नये.

ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या कुटुंबातली औषधं, आणखी फसवी. त्यांचे म्यू आणि डेल्टा असे वेगवेगळे रिसेप्टर असतात. माइसमध्ये मॉर्फिनची छोटी मात्रा, दर किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास, पीटीझेडचा उंबरठा वाढवते. मात्रा कित्येक दहा मिलिग्रॅमवर नेली की तोच उंबरठा घसरतो. मोठ्या मात्रेचं एक स्पष्टीकरण असं: म्यू रिसेप्टर दाबणाऱ्या छोट्या पेशींवर भरपूर असतात. मॉर्फिन त्यांना दाबतं, म्हणजे ब्रेक लावणाऱ्यालाच झोपवतं, आणि पुढची पेशी मोकाट सुटते. डेल्टा रिसेप्टर चेतवणारी काही औषधं, उदाहरणार्थ बीडब्ल्यू३७३यू८६, माइसला थोडक्यात आटोपणारी आकडी आणतात, आणि डेल्टा अडवणारं नाल्ट्रिंडोल ती रोखतं. ट्रामाडोल मात्र या कुटुंबातलं असूनही वेगळं वागतं. त्याच्या विषारी मात्रेने जनावरांत येणारे झटके ओपिऑइड अडवणाऱ्या नालॉक्सोनने कमी न होता वाढतात. बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपिन मात्र ते दाबतात. एखाद्या औषधाचा मुख्य रिसेप्टर माहीत आहे म्हणून त्याची आकडीही तिथूनच येते असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण खिशात ठेवावं.

सेरोटोनिनचा ५-एचटी-२सी रिसेप्टर नसलेले माइस १९९५ मध्ये वर्णिले गेले. ते लठ्ठ होत आणि अधूनमधून आपोआप आकडी येऊन मरत. डोपामिनमध्ये ढोबळपणे डी-१ चेतवणं आकडीकडे झुकवतं आणि डी-२ चेतवणं तिच्यापासून दूर नेतं. पिलोकार्पिनची एरवी आकडी न आणणारी मात्रासुद्धा डी-१ चेतवणाऱ्या औषधाच्या जोडीने आकडी आणते. नॉरॲड्रेनालिन बहुतांशी संरक्षक. याहून जास्त खोलात जायला हे रिसेप्टर मागतात तेवढी जागा इथे नाही.

एक गोष्ट मात्र जवळून बघण्यासारखी आहे: जागा. १९८५ मध्ये रॅटच्या गंधाशी संबंधित प्रीपिरिफॉर्म कॉर्टेक्सच्या खोल भागात एक टिंबाएवढा प्रदेश सापडला. तिथे बायक्युक्युलिनचे पिकोमोल, म्हणजे मोलच्या एक लक्ष कोटीव्या हिश्शाच्या पटीतली मात्रा, सोडली तरी दोन्ही बाजूंना आकडी येते. जरा बाजूला सुई गेली तर तेवढ्याने काही होत नाही. याउलट १९८२ मध्ये दिसलं होतं की मेंदूच्या मध्यभागातल्या सबस्टँशिया नायग्रामध्ये गाबा-ए चेतवणारं मुसिमोल दिलं तर विजेने किंवा औषधाने आणलेली आकडीसुद्धा रोखली जाते. दोन्ही ठिकाणी रिसेप्टर गाबा-ए. एका ठिकाणी तो मिटवला की वणवा लागतो, दुसऱ्या ठिकाणी तो उघडला की वणवा पसरत नाही. औषध शिरेतून दिलं तर ते या सगळ्या जागांवर एकदमच पोचतं, आणि आपल्या हाती येते ती फक्त बेरीज-वजाबाकी.

उंबरठा मोजताना

पीटीझेड दोन पद्धतींनी वापरतात. ठरावीक मात्रा कातडीखाली, माइससाठी दर किलोमागे साधारण ८५ मिलिग्रॅम, आणि मग ३० मिनिटं निरीक्षण. अपस्मारावरच्या औषधांपैकी एथोसक्सिमाइड यात संरक्षण देतं, फेनिटोइन देत नाही. विजेच्या जोरदार धक्क्याच्या चाचणीत नेमकं उलटं. म्हणून कोणतंही नवं रसायन एकाच चाचणीवर तोलत नाहीत.

दुसरी पद्धत शेपटीच्या शिरेतून सावकाश सोडण्याची. समजा ०.५ टक्के द्राव, म्हणजे मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम, मिनिटाला १ मिलिलिटर वेगाने चालू आहे. २५ ग्रॅमच्या माउसचे पुढचे पाय १२ सेकंदांनी थरथरू लागले. १२ सेकंदांत ०.२ मिलिलिटर गेला, म्हणजे १ मिलिग्रॅम. त्याला ०.०२५ किलोने भागलं की उंबरठा आला दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. गणित सोपं आहे, पण सुईला जोडलेल्या बारीक नळीत ०.०५ मिलिलिटर सलाइन राहिलं असेल तर तेवढं पीटीझेड माउसमध्ये गेलेलंच नाही. ०.२५ मिलिग्रॅमची, म्हणजे दर किलोमागे १० मिलिग्रॅमची चूक. खरा उंबरठा ३० आणि वहीत ४०. एका दिवशी नळी पीटीझेडने भरून सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी सलाइनने, तर ज्या औषधाचा काडीचा परिणाम नाही तेही परिणामकारक दिसेल. वेग वाढवला तर आणखी एक खोट येते: शेपटीतून मेंदूपर्यंत पोचायला रक्ताला जो वेळ लागतो तेवढ्यात सोडलेलं औषधही हिशेबात धरलं जातं, आणि उंबरठा फुगतो.

पोटात टोचताना सुई आतड्यात किंवा चरबीत गेली तर जनावर ‘संरक्षित’ वाटतं. म्हणून सुई खालच्या उजव्या बाजूला घालतात, कारण डाव्या बाजूला मोठं अंधांत्र असतं. जातही बघावी लागते. डीबीए/२ माइस मोठ्या आवाजानेसुद्धा आकडीत जातात, तर सी५७बीएल/६ माइसमध्ये काइनेटने आकडी आली तरी पेशी फारशा मरत नाहीत. जीन बदललेलं जनावर एका जातीचं आणि तुलनेचं दुसऱ्या जातीचं असेल, तर दिसलेला फरक रिसेप्टरचा की जातीचा, हे कोणीच सांगू शकत नाही. माद्यांमध्ये ऋतुचक्राबरोबर प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं ॲलोप्रेग्नॅनोलोन वर-खाली होतं. ते थेट गाबा-ए नळीवर बसून ब्रेक घट्ट करतं. यावर ‘फक्त नर वापरा’ हा उपाय आळशी आहे, चक्राचा टप्पा नोंदवणं बरं.

आकड्यांबाबत दोनच सूचना. रॅसिनचे गुण हे क्रमांक आहेत, त्यांची सरासरी ३.४ काढून काही कळत नाही. मध्यक द्या. आणि ज्या जनावराला ३० मिनिटांत आकडी आलीच नाही त्याची वेळ ‘३० मिनिटं’ म्हणून इतरांत मिसळू नका. त्याची वेळ ३० पेक्षा जास्त आहे, किती ते माहीत नाही, आणि त्यासाठी संख्याशास्त्रात वेगळी पद्धत आहे.

आधी दिलेल्या औषधाने पीटीझेडचं मेंदूतलं प्रमाणच घटवलं असेल तर रिसेप्टरचा काही संबंध नसूनही आकडी टळते. म्हणून शंका आली की मेंदूच्या ऊतीतलं प्रमाण मोजतात. गुंगी आणि स्नायूंची शिथिलता तपासायला माउसला फिरत्या दांडीवर ठेवतात. तो तिथूनच गडगडत असेल तर त्याचे झटके कमी दिसणारच.

आणि हेच सगळ्यात जास्त फसवतं. लांबलेल्या आकडीच्या प्रयोगात ठरलेल्या वेळेला, बहुधा तास-दोन तासांनी, जनावराचे हाल आणि मृत्यू कमी व्हावेत म्हणून डायझेपाम देतात. काही मिनिटांत रॅट कुशीवर लवंडतो, पाय स्थिर होतात, श्वास संथ होतो. बघणारा वहीत ‘आकडी थांबली’ लिहून वेळ टाकतो. पण त्याच्या डोक्यावर आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडची तार ईईजीला, म्हणजे मेंदूच्या विद्युतलाटा नोंदवणाऱ्या यंत्राला, जोडलेली असेल, तर पडद्यावर अनेकदा टोकदार लाटा तशाच धावत असतात. स्नायू शांत झालेले असतात, हिप्पोकॅम्पस नाही. मिशांची बारीक थरथर किंवा एखाद्या बोटाचा ठेका एवढीच बाहेरची खूण उरते, ती जवळ वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. त्या वहीत दोन रकाने हवेत: झटके थांबल्याची वेळ, आणि लाटा थांबल्याची वेळ.